झेंडूच्या शेजारी जांभळा

आपल्याकडे शरदाचा रंग कोणता, हे कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर बाजाराने आधीच देऊन ठेवलेले असते. घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून पुण्याच्या मंडईभोवती, मार्केट यार्डात, दादरच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग लागतात. दसऱ्याला ते टेम्पो भरभरून येतात, लक्ष्मीपूजनाला पुन्हा येतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दाराच्या चौकटी, गाड्यांची तोंडे, दुकानांचे गल्ले, छापखान्यातली यंत्रे असे सगळेच केशरी-पिवळे होऊन जाते. या रंगाविषयी माझी तक्रार नाही. झेंडू टिकतो, उन्हाला दाद देत नाही, आणि त्याच्या उग्र वासाखेरीज सण आल्यासारखे वाटतही नाही. पण गेली काही वर्षे घरात आणि घरापुढच्या चिमूटभर बागेत याच दिवसांत मी जांभळ्या रंगाला मुद्दाम जागा देत आले आहे, आणि या उद्योगातून तो कुठे उठतो, कुठे बुजतो, कोणाचा शेजार त्याला मानवतो, याविषयी माझी काही मते पक्की झाली आहेत.

त्यातले पहिले मत माझे नव्हेच. मंडईच्या कडेला फुले घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गडद जांभळ्या ॲस्टरच्या जुड्या उचलत होते. त्यांनी विचारले, "सकाळच्या पूजेला का रातच्याला?" मी म्हटले, संध्याकाळी दिव्यांजवळ मांडायची आहेत. त्यावर त्यांनी माझ्या हातातल्या दोन जुड्या काढून घेतल्या आणि पांढऱ्या दिल्या. "ताई, ह्यो रंग दिव्याला दिसत न्हाई. काळा पडतोय. ह्यो दिसाचा रंग हाय." विक्रेता स्वतःहून महाग जुडी परत घेतो, तेव्हा त्याचे ऐकावे. त्या संध्याकाळी मी उरलेल्या जांभळ्या फुलांकडे पणतीच्या उजेडात नीट पाहिले आणि मावशींचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. दुपारी झळझळणारी पाकळी संध्याकाळी तपकिरी-काळपट ढेकळासारखी दिसत होती.

याचे कारण सरळ आहे. जांभळा दिसतो तो तांबडा आणि निळा असा दोन्ही टोकांचा प्रकाश पाकळीवरून परतल्यामुळे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस-पिवळा. तेलाच्या पणतीचा उजेड साधारण १,९०० केल्विनच्या आसपासचा असतो, आणि त्यात निळा भाग जवळजवळ नसतोच. जे दिव्यातच नाही ते पाकळी परत कुठून देणार? उरतो तो निस्तेज तांबडा, आणि गडद पाकळीवर तो मातकट दिसतो. घरात आपण सणासाठी जे पिवळसर एलईडी लावतो ते २,७०० ते ३,००० केल्विनचे असतात. त्यांच्या उजेडात स्थिती थोडी सुधारते, पण थोडीच. दुपारच्या उन्हाचा उजेड ५,५०० केल्विनच्या पुढचा असतो, आणि जांभळ्याला हवा तो निळा भाग त्यात भरपूर असतो. दिवेलागणीच्या वेळेची गोष्ट आणखी निराळी. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवले आहे की, उजेड ओसरू लागला की डोळ्याला तांबडे रंग आधी काळवंडलेले दिसतात आणि निळे त्या मानाने उजळ राहतात. त्यामुळे तांबूस झाक असलेला गडद जांभळा तिन्हीसांजेला आधी मावळतो, आणि निळसर झाकेचा फिका जांभळा मात्र काळोख पडेपर्यंत टिकून राहतो. एकाच जुडीतली गडद आणि फिकी फुले खिडकीत ठेवून दिवा न लावता अर्धा तास बसावे. हा फरक कोणालाही दिसेल.

म्हणून माझ्या घरात जांभळ्या फुलांची मांडणी आता पूर्वेच्या खिडकीत आणि प्रवेशदाराबाहेरच्या उजेडाच्या कोपऱ्यात असते. देव्हाऱ्यासमोर, पणत्यांच्या ओळीत किंवा दिवाणखान्याच्या अंधाऱ्या बाजूला नसते. सणाची सजावट आपण बहुधा संध्याकाळ डोळ्यांसमोर ठेवून करतो, पण पाहुणे फराळाला येतात ते सकाळी दहा-अकरालाही येतात, आणि घरातली माणसे तर दिवसभर घरातच असतात. त्या वेळच्या उजेडासाठी काही मांडावे, हे आपल्याला फारसे सुचत नाही.

आता फुलांविषयी. आपल्या बाजारात शरदातला जांभळा म्हणजे मुख्यतः ॲस्टर. हा मूळचा चीनचा, एका वर्षात जगून संपणारा; वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव कॅलिस्टेफस चायनेन्सिस आहे आणि त्या वंशात ही एकच जाती आहे. महाराष्ट्रात त्याची शेती चांगली रुळली आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड येथील संशोधन केंद्राने काढलेल्या 'फुले गणेश' मालिकेत व्हाइट, पिंक, व्हायलेट आणि पर्पल अशी वाणे आहेत, म्हणजे जांभळ्याच्या दोन छटा स्वतंत्रपणे निवडल्या गेल्या आहेत. फुलवाल्याकडे जुडी घेताना या दोन छटा शेजारी धरून पाहाव्यात. व्हायलेटमध्ये निळे अधिक असते, पर्पलमध्ये तांबडे, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे दुपारनंतर घरात उजेड कमी असेल तर मी नेहमी पहिली घेते.

ॲस्टरची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते, आणि ती सोडली की पहिले लक्षात येते ते हे की, फुले ताजी असली तरी खालची पाने पिवळी पडलेली असतात. या फुलाचे पान फुलाच्या आधी मरते. तसेच भांड्यात ठेवले तर दोन दिवसांत पाणी कुजते, आणि फुलाला दोष मिळतो. म्हणून देठाची खालची दोन तृतीयांश पाने ओरबाडून नव्हे तर नखाने एकेक खुडून काढावीत, देठाचे टोक पाण्याखाली तिरपे कापावे आणि जुडी दोन-तीन तास सावलीत खोल बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवावी. त्यानंतर ती मांडावी. पाणी रोज बदलले तर ऑक्टोबरच्या उकाड्यातही फुले पाच-सहा दिवस मान ताठ ठेवतात.

ज्यांना कुंडीत लावायचा असेल त्यांनी हिशेब मागे धरून करावा: बी टाकल्यापासून फूल यायला साधारण तीन-साडेतीन महिने लागतात, म्हणजे दिवाळीसाठी जूनच्या शेवटी किंवा जुलैत बी पडले पाहिजे, आणि पुण्याच्या पावसात रोपे पत्र्याखाली किंवा गॅलरीत जपली पाहिजेत. ॲस्टरला मर रोग फार लवकर धरतो. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते, म्हणून एका कुंडीत एकदा ॲस्टर झाला की ती माती पुढच्या वर्षी पुन्हा ॲस्टरला द्यायची नाही. तिच्यात पालक लावावा, मेथी लावावी. माझ्या कुंड्या कमी आहेत, त्यामुळे ॲस्टर मी बहुतेक विकतच आणते आणि कुंड्या अशा झाडांना देते जी बाजारात मिळत नाहीत.

त्यांतले पहिले गोम्फ्रेना, ज्याला फुलवाले बटन म्हणतात. हे झाड माठाच्या आणि राजगिऱ्याच्या कुळातले आहे. त्याचा गोंडा दोन बोटांत धरून दाबला की कोरड्या कागदासारखा कुरकुरतो, कारण जांभळे दिसते ते फूल नसून कागदी छदांचा, म्हणजे फुलालगतच्या पानासारख्या भागांचा, गुच्छ असतो. खरी फुले त्या छदांमधून डोकावणारे पिवळट-पांढरे ठिपके, आणि ती पाहायला चष्मा लावावा लागतो. या कुळाची गंमत अशी की, त्याचा जांभळा ॲस्टरच्या किंवा गोकर्णाच्या जांभळ्यापेक्षा रसायनानेच वेगळा आहे. ॲस्टर, गोकर्ण, वांगे, कृष्णतुळस यांचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. गोम्फ्रेना, बोगनवेल, बीट, लाल माठ यांचा बीटालेन या दुसऱ्या रंगद्रव्याचा. आणि ही दोन्ही द्रव्ये एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत. मांडणी करणाऱ्याला याचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. गोकर्णाची पाकळी कढत पाण्यात टाकली तर पाणी निळे होते आणि लिंबाचे चार थेंब पडताच जांभळे होते, म्हणजे आम्लाने त्याचा रंग सरकतो. बटनाचा रंग तसा सरकत नाही. कोरड्या छदांत तो बंदिस्त राहतो आणि झाडावरून काढल्यावर महिनोन्महिने उन्हाआड तसाच टिकतो.

म्हणून तोरणाचे माझे गणित ठरलेले आहे. झेंडूच्या तोरणात जांभळे ओवायचे तर ते ॲस्टरचे ओवू नये. त्याची मऊ पाकळी आणि पोकळ देठ दोऱ्यावर पाणी न मिळाल्याने दुपारपर्यंत माना टाकतात, आणि टवटवीत झेंडूच्या मधोमध लोंबणारी ती फुले पाहून सगळे तोरणच शिळे वाटू लागते. बटन ओवावे. सुई गोंड्याच्या बुडाशी, देठ जिथे टणक असतो तिथून आडवी घालावी. उभी घातली तर छदे विस्कटतात. पाच झेंडू, एक बटन, पाच झेंडू, एक आंब्याचे पान, इतके विरळ ठेवले तरी पुरते. वांगी रंगाच्या पैठणीला जरीचा काठ असतो तसे याचे उलटे रूप: इथे जर अंगभर आणि वांगी रंग काठापुरता.

हे प्रमाण पुस्तकी रंगशास्त्राच्या विरुद्ध आहे, हे मला ठाऊक आहे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत १९१९ ते १९२३ या काळात शिकवणाऱ्या योहानेस इटेन या स्विस चित्रकाराने पिवळा आणि जांभळा या परस्परविरोधी जोडीसाठी एक चतुर्थांश पिवळा आणि तीन चतुर्थांश जांभळा हे प्रमाण समतोल मानले, कारण पिवळा इतका उजळ की त्याचा थोडासा तुकडाही जांभळ्याच्या मोठ्या पट्ट्याला पुरून उरतो. कागदावर, एकसारख्या उजेडात, हे पटते. पण आपले दार उन्हात नसते. बहुतेक सदनिकांचे दार जिन्याच्या सावलीत, ट्यूबलाइटखाली असते. तिथे तीन भाग जांभळा लावला तर दारावर अंधार लटकवल्यासारखे दिसेल. इटेनचे प्रमाण मी खिडकीसाठी राखून ठेवते. तिथे जांभळ्या ॲस्टरचा मोठा गुच्छ आणि त्यात चार-पाचच पिवळ्या शेवंत्या असतात, आणि ती मांडणी खरोखर सुंदर दिसते.

जांभळा कसा मांडावा हे मी ज्या ठिकाणाकडून शिकले, ते ठिकाण बाग नाही. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले कासचे पठार ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुललेले असते. जांभ्या दगडावर वीतभरही माती नाही, आणि त्या मातीवर सीतेची आसवं नावाची करंगळीएवढी जांभळी फुले हजारोंनी उभी राहतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यात कासही आहे, आणि तेव्हापासून तिथे जाणारी माणसे मुख्यतः 'जांभळा गालिचा' पाहायला जातात. पण गुडघ्यावर बसून पाहिले तर गालिचा निव्वळ जांभळा कधीच नसतो. त्यात गेंदाची पांढरी टाचणीएवढी डोकी असतात, कवल्याची पिवळी फुले असतात, आणि दोन्हींच्या मधे भरपूर हिरवे गवत असते. पांढरे काढून टाका, आणि तोच जांभळा दुरून राखाडी वाटेल. घरी येऊन मी जांभळ्या फुलांत पांढरी शेवंती मिसळू लागले ती तेव्हापासून. पिवळ्याने जांभळा उठतो हे सर्वांना ठाऊक असते. पांढऱ्याने तो स्वच्छ होतो, हे कासने दाखवले. अमेरिकेच्या ईशान्य भागात शरदातल्या माळरानांवर तिथला रानॲस्टर आणि पिवळी गोल्डनरॉड अशीच शेजारी फुलतात. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण तिचे फोटो पाठवते तेव्हा मला दर वेळी कवला आणि सीतेची आसवं आठवतात.

कासच्या फुलांपैकी काहीही घरी आणायचे नाही, हे वेगळे सांगायला नको, पण सांगते, कारण पिशवीत माती भरून रोप नेणारी माणसे मी पाहिली आहेत. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या मातीखालच्या बारीक पिशव्या ओल्या थरातले सूक्ष्म जीव पकडतात, कारण त्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसते. आपल्या शेणखताच्या कुंडीत ती चार दिवस जगणार नाही. कारवीचेही तेच. सह्याद्रीचे उतार सात वर्षांनी एकदा जांभळेनिळे करणारी कारवी कुडाच्या भिंतीला वापरली जाते, तिचा मध प्रसिद्ध आहे, पण ती कुंडीचे झाड नव्हे. तिची एक चुलत बहीण मात्र रोपवाटिकेत मिळते: पर्शियन शील्ड या नावाने विकले जाणारे झाड कारवीच्याच स्ट्रोबिलँथस वंशातले आहे, मूळचे म्यानमारचे. त्याची पाने जांभळी, पण वर चांदीचा हात फिरवल्यासारखी, शिरा तेवढ्या गडद. ऑक्टोबरच्या थेट उन्हात त्याच्या पानांच्या कडा करपतात, म्हणून ते आंब्याच्या किंवा इमारतीच्या सावलीत ठेवावे. सावलीतही जांभळे राहणारे असे झाड दुसरे मला सापडलेले नाही.

बाकीच्या जांभळ्या पानांची गोष्ट याच्या उलट. पर्पल हार्ट या नावाने सगळ्या सोसायट्यांच्या कडेला लावलेले ते लोळणारे मेक्सिकन झाड उन्हात गडद जांभळे असते आणि घरात आणले की काही आठवड्यांत हिरवट होऊ लागते. सजावटीसाठी ते घरात आणायचे असेल तर सणाच्या चार दिवसांपुरतेच आणावे, भाऊबीज झाली की पुन्हा गच्चीवर न्यावे. तोडलेली फांदी मातीत खुपसली की जगते, त्यामुळे त्यावर पैसे खर्च करू नयेत, शेजाऱ्याकडे मागावे. कोणाकोणाच्या हाताला त्याच्या चिकाने खाज येते, तेवढे पाहावे. रिओ हे दुसरे जांभळ्या पानांचे झाड मी फारसे वापरत नाही. त्याच्या पानाचा जांभळा खालच्या अंगाला असतो, म्हणजे तो दिसण्यासाठी कुंडी डोळ्यांच्या वर टांगावी लागते, आणि माझ्या गॅलरीत तिथे कपड्यांच्या दोऱ्या आहेत.

पुण्यात याच दिवसांत सर्वांत देखणे जांभळे फूल कोणते असे विचारले, तर प्रामाणिक उत्तर जलपर्णी हे आहे. मुळा-मुठेच्या पुलावरून पाहावे: फिक्या जांभळ्या तुऱ्यात वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा निळा आणि मध्ये पिवळा डोळा, म्हणजे मी खिडकीत जे जुळवायचा प्रयत्न करते ते तिच्या एका पाकळीत आहे. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती आपल्या नद्या आणि तळी गुदमरवते आहे, आणि तरी मी असे लोक पाहिले आहेत जे ती शोभेसाठी घरच्या टाक्यात सोडतात. सोडू नये. फूल पुलावरून पाहावे आणि पुढे जावे.

त्यापेक्षा कोरांटी लावावी. जांभळी कोरांटी पाऊस सरला की फुलू लागते आणि मार्गशीर्षापर्यंत फुलत राहते, तिला कौतुक लागत नाही, देवाला चालते, आणि तिच्या फुलाचा जांभळा निळ्याकडे झुकलेला असल्याने दिवेलागणीलाही दिसतो. जुन्या वाड्यांच्या परसात ती असायचीच. आता रोपवाटिकेत मागितली तर पोरगेलेसे विक्रेते रुएलियाचे रोप काढून दाखवतात. रुएलिया वाईट नाही, पण तिचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी गळते, आणि तिच्या शेंगा पाणी लागताच तडतड फुटून बी कुठेही उडते. ओले झाले की ते बी बुळबुळीत होऊन फरशीला चिकटते आणि दोन फरश्यांच्या फटीत उगवते. माझ्या शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनात तीन वेगवेगळ्या बाजूंनी ती उगवली आहे आणि त्या रोज सकाळी तिला उपटतात, रोज सकाळी नावे ठेवतात.

भाद्रपदातल्या तेरड्याचे इथे नाव घेण्याचे कारण इतकेच की, गौरी बरोबर घेऊन येणारा तो जांभळा-गुलाबी तेरडा शरद लागेपर्यंत संपत आलेला असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण बागेतही खरी आहे. नवरात्रासाठी त्याच्या भरवशावर राहू नये.

भांड्याविषयी माझे मत अधिक कडक आहे. जांभळे फूल स्टीलच्या भांड्यात ठेवू नये. स्टीलची थंड चकाकी जांभळ्यातले सगळे राखाडी बाहेर काढते, आणि महाग फुलेही दवाखान्यातली वाटू लागतात. पितळ हवे. आजीच्या वेळचे एखादे घंगाळ माळ्यावर असेलच. ते चिंचेने घासून त्यात पाणी भरावे आणि वर गोकर्णाची निळीजांभळी फुले उपडी नव्हे, उताणी सोडावीत, म्हणजे मधला पांढरट-पिवळा घसा दिसतो. पितळेचा पिवळा पाण्यातून वर येतो आणि वेगळी पिवळी फुले लागतच नाहीत. गोकर्ण संध्याकाळपर्यंत मिटते, त्यामुळे ही मांडणी रोज नवी करावी लागते. वेल कुंपणावर असेल तरच परवडते. पितळ नसेल तर साधे लाल मातीचे भांडे उत्तम, कारण भाजलेल्या मातीचा रंग झेंडूचाच फिका भाऊ आहे. पांढरी प्लास्टिकची कुंडी मात्र फुलांपेक्षा आधी दिसते.

फुलांच्या रांगोळीत गडद जांभळ्याला मी संध्याकाळीही जागा देते, पण निराळ्या कामासाठी. पणत्या लागल्यावर तो काळा दिसतो हे गृहीत धरून त्याच्या पाकळ्यांची बारीक किनार घालायची. सणाच्या रांगोळीत काळा रंग पुष्कळ घरांत चालत नाही, आणि काळ्या रेघेशिवाय झेंडूच्या पिवळ्या आणि शेवंतीच्या पांढऱ्यामधली सीमा दिव्याच्या हलत्या उजेडात पुसट होते. जांभळ्या पाकळीची बोटभर किनार ते काम चोख करते, आणि सकाळी उठून पाहिले तर तीच किनार पुन्हा जांभळी असते. ॲस्टरच्या पाकळ्या वाळताना आत वळतात, म्हणून त्या दाट घालाव्यात आणि वरून हाताने पाणी शिंपडावे.

तुळशीच्या लग्नाला जांभळ्याचे खरे दिवस येतात आणि त्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही लग्न लावावे. गेरूने रंगवलेले वृंदावन, त्यात कृष्णतुळस, वर उसाचा मांडव, बुडाशी चिंचा आणि आवळे. कृष्णतुळशीची देठे आणि मंजिऱ्या या दिवसांत सर्वांत गडद असतात, कारण थंडी पडू लागलेली असते आणि आकाश निरभ्र असते. भरपूर ऊन आणि गार रात्री यांनी अँथोसायनिन वाढते, उकाड्याने घटते. याच कारणाने नोव्हेंबरचा ॲस्टर सप्टेंबरच्या ॲस्टरपेक्षा गडद असतो. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड पुढे वाढते, पण लग्नाच्या आधी पंधरा दिवस मी त्यांना हात लावत नाही. मांडवाला ऊस घ्यायचा तो काळा, म्हणजे गडद जांभळ्या सालीचा घ्यावा. तो बाजारातून आणल्यावर राखेसारखा दिसतो, कारण सालीवर मेणाचा पांढरा थर असतो. ओल्या फडक्याने एकदा वरून खाली घट्ट पुसून काढला की पेरापेराचा रंग उघडा पडतो, कुठे जांभळा, कुठे हिरवट, डोळ्यांपाशी तांबूस. हे काम माझा मुलगा फार मन लावून करतो. बाकीच्या सजावटीत त्याला रस नाही. लग्न गोरज मुहूर्तावर लागते, म्हणजे पुर्किन्येने सांगितलेल्या नेमक्या वेळेला, आणि गडद ऊस अंतरपाट धरेपर्यंत काळा झालेला असतो. त्यावर मी एकच उपाय केला आहे: वृंदावनामागच्या भिंतीवर ४,००० केल्विनचा साधा पांढरा दिवा, तुळशीकडे तोंड करून, पणत्यांपासून दूर. पिवळ्या माळांची सवय झालेल्या नातेवाइकांना तो दिवा सणासारखा वाटत नाही, हे त्यांनी सांगून झाले आहे.

परसात जागा असेल तर कुंपणावर जांभळ्या शेंगांच्या वालाची वेल चढवावी. फूल जांभळे, शेंग जांभळी, कोवळा देठही जांभळा, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत भाजी. शिजल्यावर शेंगेचा रंग उतरून ती हिरवी होते, म्हणून जांभळी भाजी करून दाखवण्याचा उत्साह कोणी धरू नये.

कार्तिकी पौर्णिमा झाली की मी बटनाची उरलेली झाडे मुळासकट काढते, जुडी बांधून सावलीत उलटी टांगते, आणि मार्चमध्ये गोंडे चोळून बी काढते. ॲस्टरच्या कुंड्यांतली माती पालकाला जाते. बहिणीने न्यू जर्सीहून शोभेच्या कोबीचे बी पाठवले आहे. तिच्या दारात तो ऑक्टोबरातच जांभळा होतो, पण त्याला गार रात्री लागतात आणि पुण्यात त्या डिसेंबरखेरीज मिळत नाहीत, म्हणून ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रंग धरेल अशा बेताने आता ट्रेमध्ये पडले आहे. त्याच सुमाराला रोपवाटिकांतून पिटुनिया येतो, आणि लोक जांभळ्यासाठी तोच उचलतात. पिटुनियाविषयी माझे मत फारसे चांगले नाही, पण तो हिवाळ्याचा विषय आहे.